बालरोग क्लिनिकमधील वर्तन-आरोग्य सेवा: दीड वर्षानंतरचा अभिप्राय

अमेरिकेत आम्ही मुलाला ज्या बालरोग क्लिनिकमध्ये नेतो, तेथे डॉक्टरांच्या खोलीला लागूनच एक छोटी खोली आहे आणि तिच्यात आठवड्यातून तीन दिवस एक बाल-मानसशास्त्रज्ञ बसतात. हा अभिप्राय त्या खोलीतल्या सेवेविषयी आहे. विम्याचा विषय त्यात वारंवार येईल, कारण या देशात सेवा आणि विमा एकमेकांपासून वेगळे काढून पाहता येत नाहीत.

मुलगा साडेपाच वर्षांचा असताना वार्षिक तपासणीच्या वेळी आम्हाला एक पानभर प्रश्नावली भरायला दिली गेली: झोप कशी आहे, राग किती वेळ टिकतो, एका जागी किती बसतो. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्यविम्याच्या कायद्याने मुलांच्या प्रतिबंधात्मक तपासण्यांवर कोपे (प्रत्येक भेटीला भरायची ठरावीक रक्कम) किंवा डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्यापूर्वी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) आकारण्यास मनाई केली आणि अशी वर्तनविषयक पडताळणी, तसेच १८ व २४ महिन्यांच्या वयात होणारी स्वमग्नतेची चाचणी, या तपासण्यांतच मोडते. त्यामुळे विमा कंपनीच्या हिशेबपत्रकात प्रश्नावलीच्या ९६१२७ या बिलाच्या कोडपुढे आमच्या वाट्याला शून्य आले. मात्र उत्तरे पाहून डॉक्टर आमच्याशी जे पंधरा मिनिटे बोलले, त्याची स्वतंत्र भेट म्हणून नोंद झाली व ३० डॉलरचा कोपे लागला. हे नियमात बसते, पण स्वागतकक्षात कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

सेवेचा सर्वांत मोठा गुण त्याच दिवशी दिसला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून आम्हाला कोठेतरी पाठवून दिले नाही. मानसशास्त्रज्ञबाई स्वतः आत आल्या, मुलाशेजारी जमिनीवर बसल्या आणि शिक्षिकेने व आम्ही भरायचे व्हँडरबिल्टचे, म्हणजे अतिचंचलतेची लक्षणे नोंदवण्याचे, तक्ते देऊन पुढची तारीख ठरवून गेल्या. तक्त्यांवरून अतिचंचलतेची शक्यता दिसली तेव्हा त्यांनी औषधाचा विषय बाजूला ठेवला. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आधी पालकांचे प्रशिक्षण, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे मार्गदर्शन आहे, हे त्यांनी आम्हाला न घाबरवता समजावून सांगितले.

त्यानंतरच्या दहा बैठका मला फार मोलाच्या वाटतात. मी मुलाबरोबर ठोकळे खेळायचे आणि बाई कोपऱ्यात बसून टिपणे घ्यायच्या. पहिल्या पाच मिनिटांत मी सतरा प्रश्न विचारले होते. हे काय आहे, असे का केलेस, तो लाल कुठे गेला? प्रश्न थांबवून तो जे करतो आहे तेवढेच बोलून दाखवायचे, हा धडा ऐकायला सोपा असला तरी आचरणात आणायला मला तीन आठवडे लागले. नुसते ‘शाब्बास’ म्हणण्याऐवजी ‘ठोकळे आपणहून डब्यात भरलेस, छान केलेस’ असे नेमके म्हणायचे, हे दुसरे. बाईंना मराठीचे अक्षरही येत नाही, तरी घरी हे सारे मराठीतच करा, असा त्यांचा आग्रह होता आणि घरात भांडणे कमी झाली ती त्यामुळेच, असे माझे मत आहे.

यांपैकी दोन बैठकांना मुलगा नव्हता, फक्त आम्ही दोघे होतो. त्यांचे बिल ९०८४६ या कोडखाली गेले आणि ‘रुग्ण अनुपस्थित’ या कारणाने विमा कंपनीने ते नाकारले. अशा नकाराविरुद्ध कंपनीकडे १८० दिवसांत अपील करण्याचा आणि तेही फेटाळले गेल्यास बाहेरच्या तटस्थ संस्थेकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क २०१० च्याच कायद्याने दिला आहे. क्लिनिकने दिलेल्या पत्रात मानसिक व शारीरिक आजारांना विम्यात समान वागणूक देणाऱ्या २००८ च्या समानतेच्या कायद्याचा आधार होता: मधुमेह असलेल्या मुलाच्या पालकांना इन्सुलिन द्यायला शिकवण्याचे पैसे मिळत असतील, तर मनाच्या तक्रारीसाठी वेगळा, अधिक कडक निकष लावता येत नाही. सात आठवड्यांनी पैसे मंजूर झाले. पत्र अचूक होते, पण ते मिळवण्यासाठी मला चार फोन करावे लागले.

खरी अडचण क्लिनिकबाहेर आहे. शिकण्यातल्या अडचणींची सविस्तर चाचणी येथे होत नाही, म्हणून विमा कंपनीच्या यादीतल्या अकरा नावांना मी फोन केले. चार क्रमांक चुकीचे निघाले, पाच ठिकाणी नवे रुग्ण घेणे बंद होते, एक जण फक्त रोख पैसे घेत होते आणि उरलेल्या एका ठिकाणी पाच महिन्यांची प्रतीक्षा होती. कायद्याने हक्क वाढवले, पण तज्ज्ञांची संख्या कायद्याने वाढत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये बालरोगतज्ज्ञ, बाल-मानसोपचारतज्ज्ञ आणि मुलांची रुग्णालये यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत आणीबाणी जाहीर केली, त्यामागे इतर कारणांबरोबर हा तुटवडाही होता.

मधल्या काळात माझ्या पतींनी छोट्या कंपनीतली नोकरी सोडून मोठ्या कंपनीतली धरली. मुलाचे निदान कागदोपत्री झालेले असल्यामुळे मला धास्ती होती, ती निराधार ठरली. पूर्वीच्या आजाराचे कारण दाखवून मुलांना विमा नाकारण्यावर सप्टेंबर २०१० पासूनच बंदी आहे, प्रौढांना ते संरक्षण २०१४ मध्ये मिळाले. मात्र नवी विमा योजना पतींची कंपनी स्वतःच्या पैशांतून चालवते. अशा योजनांना मानसिक आरोग्यासह दहा अत्यावश्यक सेवा देण्याची ती सक्ती लागू होत नाही, जी वैयक्तिक आणि छोट्या कंपन्यांच्या योजनांना लागू आहे. आमच्या योजनेत ही सेवा आहे, पण डिडक्टिबल संपेपर्यंत प्रत्येक बैठकीचे १६० डॉलर आम्हीच भरतो. शारीरिक आजारालाही तोच डिडक्टिबल असल्याने समानतेचा कायदा येथे काहीच करू शकत नाही.

प्रतीक्षाकक्षात ओळख झालेल्या एका आईच्या मुलीला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी विमा, आहे. २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक तो उपचार दिलाच पाहिजे, असा मेडिकेडचा १९८९ पासूनचा नियम आहे आणि कागदावर तो आमच्या योजनेपेक्षा उदार आहे. पण मेडिकेडचे दर कमी म्हणून हे क्लिनिक अशा मुलांसाठी मोजक्याच जागा ठेवते. त्या मुलीचा क्रमांक आमच्यानंतर तीन महिन्यांनी लागला. क्लिनिकबद्दल माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे आणि ती मी त्यांना लेखी कळवली आहे.

पाचपैकी चार गुण देते. जाण्यापूर्वी विमा कंपनीला योजना कोण चालवते, डिडक्टिबल किती उरला आहे आणि ९०८४६ हा कोड मान्य आहे का, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. शाळा सुटल्यानंतरच्या वेळा मिळणे कठीण आहे. आमची सध्याची वेळ मंगळवारी सव्वादोनची असून मुलाचा चित्रकलेचा तास बुडतो, याबद्दल तो अद्याप बाईंवर रुसलेला आहे.