कंदिलांचा सण: नानजिंग गाठायचं की झिगोंग?

चिनी वर्षाची पहिली पौर्णिमा म्हणजे युआनश्याव, कंदिलांचा सण. २०२७ मध्ये ती २० फेब्रुवारीला येते. रजा नेमकी तेव्हाच असेल आणि सण माणसांत मिसळून बघायचा असेल, तर पूर्व चीनमधलं नानजिंग. रजा आठ-दहा दिवस मागेपुढे होणार असेल, तर झिगोंग. तिथलं प्रदर्शन कित्येक आठवडे चालतं.

नानजिंगचा मेळा छिनह्वाय नदीकाठी, फूत्झमियाव या कन्फ्यूशियसच्या देवळाभोवती भरतो. त्याची खरी शान हातातल्या कंदिलांत. कमळाची पाकळी न् पाकळी चुण्या घातलेल्या गुलाबी कागदाची. सशाला खाली चार चाकं, दोरी धरून पोरं त्याला गर्दीतून ओढत नेतात. एक जरूर घ्या, पण बॅगेत कोंबू नका, चेपलेली चुणी पुन्हा उभी राहत नाही. त्रास गर्दीचा. पौर्णिमेला रस्ते एकेरी करतात, आणि गर्दी फार झाली की लाईन ३ ची मेट्रो फूत्झमियाव स्टेशनवर न थांबता पुढे जाते. त्यामुळे लाईन ३ च्या भरवशावर न राहता लाईन १ ने सानशानज्येला उतरून चालत जावं. सूर्य पावणेसहा-सहाला मावळतो. पाचलाच नदीकाठ गाठा. थंडी शून्याजवळ जाते.

झिगोंग हे सिचुआन प्रांतातलं मिठाचं जुनं शहर, प्रांताची राजधानी चेंगदूहून वेगवान रेल्वेने साधारण तासाभरावर. इथे तिकीट काढून आत जायचं आणि घरांएवढे कंदील बघायचे: लोखंडी सांगाडा, आत दिवे, वरून रंगारंगाचं कापड तुकड्या-तुकड्यांनी चिकटवलेलं. पण आमच्या मते मोठेपणापेक्षा चिनी मातीच्या बशा, वाट्या, चमचे बांधून केलेले ड्रॅगन जास्त मोलाचे. अगदी जवळ जा. खवल्याच्या जागी बशी आणि तिला आवळलेली गाठ दिसेल. सबंध चीनमध्ये घड्याळ एकच, म्हणून पश्चिमेकडच्या झिगोंगला अंधार तासभर उशिरा पडतो. सहाला आत शिरलात तर दिवे लागताना, आभाळ निळं असतानाच फोटो मिळतात. नंतर पार्श्वभूमी काळी ठार होते.

पैसे दोन्हीकडे मुख्यतः फोनवरूनच चालतात; अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड जोडून पासपोर्टची नोंद भारतातूनच करून ठेवा. शाकाहारी असाल तर थांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाचे उकडलेले गोळे, विचारल्याशिवाय खाऊ नका. काळ्या तिळाच्या सारणात पारंपरिक रीतीने डुकराची चरबी घालतात.