14 महिने फ्ल्यू गॅस अनॅलायझर वापरून: सगळं अडलं एका बुचावर

हे मशीन चिमणीतला गॅस पंपाने ओढून त्यात ऑक्सिजन आणि सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, किती ते दाखवतं. स्पेक्स लिहीत बसत नाही, ऑक्सिजन आणि सीओचे दोन सेल (सेन्सर), चिमणीत घालायचा, तापमानही मोजणारा के टाइप प्रोब, ड्राफ्टचा (चिमणीच्या ओढीचा) पोर्ट, या रेंजमध्ये सगळ्यांचं तेच असतं. कंपनीचं नावही घेत नाही, भांडण मिटलंय आणि पुढचा सेल मला त्यांच्याकडूनच घ्यायचाय. भोसरी-चाकण पट्ट्यात बर्नर ट्यूनिंगची, म्हणजे बर्नरला हवा किती द्यायची ते लावून देण्याची, कामं करतो, मशीन महिन्याला सहा-सात दिवस बाहेर निघतं, बाकी दिवस बॅगेत.

आणि ते बॅगेत पडून असणं हेच पहिलं दुखणं. ऑक्सिजनचा सेल म्हणजे आत शिसं असलेली छोटी बॅटरीच, हवा लागली की शिसं झिजतं, मशीन चालू असो की बंद. वापरा नाहीतर पूजा करा, दोनेक वर्षांत गेलाच. मी हुशारी करून एक जास्तीचा आत्ताच घेऊन ठेवणार होतो, 9,800 ला मिळत होता, बायकोने विचारलं पाकिटात टिकतो का तो. चौकशी केली तर पाकिटातही वय होतंच. वाचलो.

आता मुख्य विषय, बूच. प्रोबच्या नळीवर वॉटर ट्रॅप म्हणजे पाणी साठायची डबी असते, तिच्या तळाला पाणी काढायला करंगळीच्या नखाएवढं रबरी बूच असतं. चिमणीतला गॅस नळीत गार होतो, पाणी सुटतं, ते ट्रॅपमध्ये साठतं, दर रीडिंगनंतर बूच काढून ओतायचं नाहीतर पाणी पंपात जातं. म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा ते काढा-घाला, आणि ते पाणी आंबट असतं, रबर कडक होणारच. आठव्या महिन्यात त्याला केसाएवढी चीर गेली, मला पत्ता नाही.

चाकणला एका फूड युनिटचा पाइप गॅसवरचा बॉयलर होता. मागच्या वेळी मीच 3.2 टक्के ऑक्सिजनवर लावून दिलेला, यावेळी स्क्रीनवर 6.4. म्हणजे जळायला लागते त्यापेक्षा जादा हवा 18 टक्क्यांवरून थेट 44 टक्के. मी म्हटलं कोणीतरी डँपरला (हवेच्या झडपेला) हात लावला, ऑपरेटर शपथेवर सांगतोय नाही लावला. मी हवा कमी करत गेलो, 4.8 वर आणलं आणि सीओ 35 पीपीएमवरून 900 च्या पुढे, म्हणजे हवा कमी पडून जळण अर्धवट, बर्नर धडधडायला लागला. लगेच मागे घेतलं. सुपरवायझर मागे उभा, "साहेब, तुमचं मशीन बरोबर आहे ना?" काय बोलणार.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पाच मिनिटांत निदान, ऑक्सिजन सेल गेला, मशीन पाठवा. पाठवलं तर कोटेशन 21,400, त्यात सेल, पंप आणि वर सर्व्हिस चार्ज. मी विचारलं, अहो सेल गेला असता तर मशीन बाहेरच्या हवेत 20.9 टक्के ऑक्सिजनवर झिरो, म्हणजे सेट, कसं होतंय? त्यावर "सर ते कधीकधी होतं". कधीकधी काय, पाऊस आहे का. कोटेशन नाकारलं, मशीन परत मागवलं, जाण्यायेण्याचं कुरिअर 1,150 माझ्याच अंगावर.

घरी बसून प्रोबच्या टोकावर अंगठा दाबून धरला. पंपाचा आवाज जड व्हायला पाहिजे, होईना, मजेत घुर्र घुर्र चालू. नळी ट्रॅपच्या पुढे मशीनजवळ मुरगळली, लगेच पंप गुदमरला. म्हणजे पंप ठणठणीत, गळती अलीकडे. बूच बोटाने दाबून पुन्हा टोक बंद केलं, आवाज बसला. सापडला चोर.

यातली खोच अशी की बाहेरच्या हवेत ही गळती कधीच दिसत नाही. आत हवा, बाहेर हवा, गळून येणार तीही हवाच, 20.9 येणारच. चिमणीत गेल्यावर मात्र गॅसमध्ये हवा मिसळते, ऑक्सिजन जास्त दिसतो, सीओ पातळ होऊन कमी दिसतो आणि आपण बॉयलर बिघडवून येतो. आता रोज सकाळी गाडी लावली की आधी अंगठा, मग झिरो.

तर बूच मागितलं. सुटं मिळत नाही म्हणे, पूर्ण ट्रॅप घ्या, 3,850. नखाएवढ्या रबराला! बोहरी आळीतून दहा रुपयांचं आणलं, ते तीन आठवड्यांत दगड झालं. मग लॅबच्या काचसामानाच्या दुकानातून सिलिकॉनचं आणलं, 30 रुपये, पाच महिने झाले अजून मऊ आहे. दुसरं स्पेअर घेतलंय.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि पुढे कॅलिब्रेशन (मशीनचे आकडे प्रमाणाशी ताडून बघणं) म्हणजे कागदासाठी पैसे असं ठोकणार होतो. पण मधे मशीन एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबला जाऊन आलं आणि मत बदललं. त्यांनी सीओ 11 टक्क्यांनी कमी दाखवतोय हे आकड्यासकट लिहून दिलं, ते मला घरी दहा जन्मात कळलं नसतं. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख मात्र ते आपणहून लिहीत नाहीत, आपण सांगितली तर लिहितात, म्हणजे किती महिन्यांनी पाठवायचं हे आपलं आपण ठरवायचं. मी 12 सांगितले, ऑडिटवाल्या गिऱ्हाइकांना तेच लागतं. तापमान मधल्या काळात घरीच बघतो, प्रोबची नळी काढून टोक उकळत्या पाण्यात. पुण्यात 98 च्या आसपास येतं, 100 नाही आलं म्हणून घाबरू नका, उंचीमुळे तसं.

वर्षाचा हिशोब: कॅलिब्रेशन 6,500 अधिक 18 टक्के जीएसटी, 7,670. फिल्टर 1,440. कुरिअर 1,150. बुचं दोन, 60. सेलसाठी बाजूला 4,900. एकूण 15,220, वापराचे दिवस 78, म्हणजे दिवसाला 195 रुपये. हे मी आता व्हिजिट चार्जमध्ये धरतो, पूर्वी धरत नव्हतो, गाढवपणा.

मशीन वाईट नाही. पंप दणकट, स्क्रीन उन्हात दिसते, बॅटरी दिवसभर पुरते. घेताना मात्र दुकानदाराला एवढं विचारा, बूच सुटं मिळतं का. मी परवा दुसऱ्या कंपनीच्या माणसाला हाच प्रश्न केला, तो बिचारा ब्रोशर चाळत बसला.