निसार की अमरसिंग?

२५ जून १९३२, लॉर्ड्स. भारताची पहिलीच क्रिकेट कसोटी, इंग्लंडविरुद्ध, आणि निसार-अमरसिंग ही आपली वेगवान गोलंदाजांची जोडी. दोघांत सरस कोण? दहाच दिवस आधी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी देणारे होम्स आणि सटक्लिफ, दोघांनाही मोहम्मद निसारने त्रिफळाचीत केलं. इंग्लंड ३ बाद १९! डावात त्याचे पाच बळी. उंचापुरा पंजाबी गडी, नव्या चेंडूवर त्याचा वेग काही औरच.

अमरसिंग राजकोटचा. वेग निसारपेक्षा कमी, पण टप्पा पडल्यावर चेंडू झपकन उसळायचा आणि दोन्हीकडे वळायचा. शिवाय बॅटही चालायची: त्याच कसोटीत दुसऱ्या डावातल्या त्याच्या ५१ धावा म्हणजे भारताचं पहिलं कसोटी अर्धशतक. १९३४ला मद्रासमध्ये ८६ धावांत सात बळी, १९३६ला लॉर्ड्सवर ३५ धावांत सहा.

आकडे जवळपास सारखेच. निसारचे ६ कसोटींत २५ बळी, अमरसिंगचे ७ कसोटींत २८. पहिल्या तासासाठी चेंडू मी निसारकडेच देईन. पण पाचही दिवसांसाठी एकच निवडायचा तर अमरसिंग, यात मला शंका नाही. १९४०मध्ये न्यूमोनियाने तो गेला, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. ही हळहळ अजून जात नाही.