करिंथची अर्ध्या दिवसाची सहल: काही महिने गेल्यावर

अथेन्सला गेलं की करिंथची अर्ध्या दिवसाची सहल करावी का, आणि करायची तर कोणती निवडावी, हे आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं मला अजून विचारतात. परत आल्याबरोबर लिहिलं असतं तर सगळा भर कालव्यावर आणि खांबांवर गेला असता. मधे काही महिने गेले. बुधवारच्या बायबल अभ्यासात आम्ही करिंथकरांस पहिलं पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं बायबलमधलं पत्र, अध्यायामागून अध्याय घ्यायला लागलो. त्या सकाळी पाहिलेल्यातलं नेमकं काय उपयोगाला आलं, ते आता सांगता येतं.

आत्या आणि मी गेलो होतो. सकाळी आठला हॉटेलवरून गाडी, दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत परत. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, रस्ता उत्तम, डाव्या हाताला बराच वेळ समुद्र. खर्चाबद्दल एकच सांगते, कारण बुकिंग करताना लोकांच्या हे लक्षात येत नाही. ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळाच्या आत माहिती सांगायला परवाना लागतो. स्वस्त सहलींत इंग्रजी बोलणारा चालक असतो. तो गाडीत भरपूर सांगतो, पण फाटकाशी आला की थांबतो आणि आत तुमचे तुम्ही. आम्ही परवानाधारक गाइडची सहल घेतली. पैसे बरेच जास्त पडले, पण करिंथला ते पैसे वाचवू नका. जमिनीलगतची जोती आणि विखुरलेले दगड एवढंच बहुतेक ठिकाणी उरलं आहे, आणि कुठला दगड कशाचा हे सांगणारं कोणी नसेल तर तासाभरात कंटाळा येईल.

पहिला थांबा कालव्याचा. १८८२ साली काम सुरू होऊन १८९३ साली तो पुरा झाला. लांबी सहा किलोमीटरहून थोडी जास्त, तळाशी रुंदी जेमतेम २१ मीटर. त्याच्या कितीतरी आधी, इ.स. ६७ मध्ये, सम्राट नीरोने इथे खोदाई सुरू केली होती, आणि त्या कामावर ६,००० यहुदी युद्धकैदी पाठवल्याचं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. पुलावरून बघायला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ होतात. आमचा बराच वेळ मात्र शेजारच्या दुकानात गेला, आणि तो पुढे किती महागात पडला ते खाली सांगते.

जुन्या करिंथमध्ये शिरल्यावर सगळ्यांची नजर आधी अपोलोच्या देवळाकडे जाते. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातलं देऊळ, मूळचे ३८ खांब, त्यातले सात उभे आहेत आणि प्रत्येक खांब एकसंध दगडाचा. फोटो इथेच निघतात. आमच्या गाइडबाईंनी मात्र देवळापाशी उभं राहून शहराची गोष्ट सांगितली आणि माझ्या दृष्टीने ती देवळाहून मोलाची ठरली. ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये रोमन सेनापती मम्मियसने हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं. जवळजवळ शंभर वर्षं ते तसंच पडून होतं. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं, आणि वसायला आलेल्यांत गुलामीतून सुटलेली माणसं पुष्कळ होती. म्हणजे पौल साधारण इ.स. ५० च्या सुमाराला इथे पोचला तेव्हा देऊळ सहाशे वर्षांचं होतं, पण गाव नवं होतं. दोन बंदरांचं, व्यापाराचं, बाहेरून आलेल्यांचं गाव. पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की तुमच्यात जगाच्या दृष्टीने ज्ञानी, समर्थ, कुलीन असे फार जण नाहीत. ते वाक्य आम्ही अभ्यासात घेतलं तेव्हा मी शहराचा हा इतिहास सांगितला. मागच्या बाकावरच्या एक काकू एरवी कधी बोलत नाहीत. त्या लगेच म्हणाल्या, मग हे आपल्यासारख्यांनाच लिहिलेलं आहे की.

चौकाच्या मधोमध न्यायासन आहे, ज्याला तिथे बीमा म्हणतात. चावडीचा उंच ओटा असावा तसा दगडी चौथरा, त्यावर करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या वचनाची पाटी, आणि मागे आक्रोकरिंथचा ५७५ मीटरचा डोंगर. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय १८ इथे वाचायचा असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा. आमच्या गाडीतल्या इतरांनीही आनंदाने ऐकलं. पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं तो रोमन सुभेदार गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फीला सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या एका शिलालेखात त्याचं नाव आहे, आणि त्यावरून त्याचा इथला कारभार इ.स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातल्या बाकी तारखा बऱ्याच अंशी या एका दगडाच्या आधाराने मांडल्या जातात. हे मला तिथे उभं राहून कळलं आणि अंगावर काटा आला.

तरीही मला सगळ्यात जास्त काही मिळालं ते पडक्या नाट्यगृहाजवळ, जिथे बऱ्याच सहली जातच नाहीत. फरसबंदीत एक लांबट दगड आहे. त्यावर रोमन लिपीत सुमारे वीतभर उंचीची अक्षरं खोल कोरली आहेत. मुळात त्या खाचांत काशाची अक्षरं बसवलेली होती. ती कोणीतरी कधीच उपटून नेली, राहिल्या त्या रिकाम्या खाचा. मजकूर इतकाच की एरास्ताने नगराधिकारी झाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चाने केली. दगड १९२९ साली सापडला. पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या शेवटी करिंथहून सलाम पाठवणाऱ्यांत शहराचा खजिनदार एरास्त आहे. तो आणि हा एकच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि गाइडबाईंनी ते स्वच्छ सांगितलं. मला त्यांचा तो प्रामाणिकपणा फार आवडला, कारण अशा सहलींत ठोकून सांगायची सवय पुष्कळांना असते. आत्या बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सभागृहाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतात, तेव्हाही तेच होतं." पत्रात मान, वरची जागा, कोण कोणाच्या गटाचा यावर पौल इतका का चिडतो ते मला या दगडापाशी समजलं. पत्राचे पहिले चार अध्याय घेताना मी आधी या दगडाचा फोटो दाखवते.

संग्रहालय लहान आहे, पण आम्हाला ते धावत बघावं लागलं. दोन गोष्टी चुकवू नका. एक, डोक्यावरून टोग्याचा, म्हणजे रोमन पुरुषांच्या अंगवस्त्राचा, पदर घेतलेला सम्राट ऑगस्टसचा पुतळा. रोमन पुरुष देवाला अर्पण करताना असं डोकं झाकत. अकराव्या अध्यायात पुरुषांनी प्रार्थनेत डोकं झाकू नये हे पौलाने का लिहिलं असेल, याची चर्चा त्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर वेगळीच होते. दुसरी, आस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या देवळातले भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान. बरं वाटावं म्हणून किंवा बरं वाटल्यावर लोकांनी वाहिलेले. याच देवळालगत जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत, भिंतींना लागून बैठका असलेल्या. शेजाऱ्याने, नातेवाइकाने बोलावलं तर देवळाच्या आवारात जेवायला जायचं का, हा प्रश्न तिथल्या ख्रिस्ती घरांत रोजचा होता. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयीचा आठवा अध्याय आमच्या अभ्यासात दर वेळी वादाचा. गणपतीत शेजारून ताट येतं, सत्यनारायणाचा प्रसाद येतो, कोणी घेतं, कोणी परत करतं, आणि दोघेही एकमेकांकडे संशयाने बघतात. यंदा मी त्या खोल्यांचं वर्णन केलं आणि मग अध्याय वाचला. वाद संपला नाही, पण पहिल्यांदाच लोक पौल काय म्हणतो त्यावर बोलले, शेजारच्या बाकावरच्या माणसावर नाही.

आता तक्रार. कार्यक्रमात किंख्रियाही छापलेलं होतं. करिंथचं हे पूर्वेकडचं बंदर. पौलाने नवस होता म्हणून केस कापले ते इथे, आणि इथल्या मंडळीची सेविका फिबी, जिच्या हाती रोमकरांस पत्र गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बंदराचा बराचसा भाग आज पाण्याखाली आहे. किनाऱ्यालगत जुन्या ख्रिस्ती बासिलिकेचं, म्हणजे चर्चचं, जोतं दिसतं. उथळ पाण्यात भिंतींच्या ओळी दिसतात. बंदरातल्या बुडालेल्या इमारतीत १९६० च्या दशकात रंगीत काचेच्या तुकड्यांनी केलेली चित्रफलकं मिळाली, ती आता जवळच्याच इस्थमिया गावच्या संग्रहालयात आहेत. एवढ्या मोलाच्या जागेला आम्हाला दहा मिनिटं मिळाली, कारण वेळ कालव्याजवळच्या दुकानात गेला होता. आमच्या अभ्यासाला येणाऱ्यांत तीन चतुर्थांश बायका आहेत. फिबीच्या गावात अर्धा तास उभं राहता आलं असतं तर मला त्यांना कितीतरी सांगता आलं असतं. ही हळहळ अजून गेलेली नाही. कंपनीला मी तसं सविस्तर कळवलं. उत्तर सभ्य आलं, पण वेळापत्रकाबद्दल त्यात काही नव्हतं.

पत्रात स्पर्धेत धावणाऱ्यांचा आणि नाश पावणाऱ्या मुकुटाचा जो दृष्टान्त येतो, त्यामागच्या शर्यती इस्थमियालाच होत, दर दोन वर्षांनी. ते ठिकाण वाटेतच आहे, तरी अर्ध्या दिवसाच्या सहलीत क्वचितच घेतात. आक्रोकरिंथचा किल्लाही नाही. ज्यांना चढायचं आहे त्यांनी पूर्ण दिवसाची गाडी करावी.

वयस्कर माणसांना झेपेल का, असंही विचारतात. आत्याचे गुडघे दुखतात, तरी ती मुख्य भाग सावकाश फिरली. लेखायोन या दुसऱ्या बंदराकडे जाणाऱ्या जुन्या दगडी रस्त्यावर बूट चांगले हवेत. सावली जवळपास नाही, म्हणून जून ते ऑगस्ट टाळता आले तर टाळा. हिवाळ्यात स्थळ दुपारीच बंद होतं, तेव्हा सकाळचीच सहल घ्या. पिरेनेचा झरा वरून बघायला मिळतो, आत सोडत नाहीत.

मंडळीच्या गटासाठी मी पुन्हा हीच सहल सुचवेन. फक्त पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: गाइड फाटकाच्या आत येणार का, एरास्ताचा दगड दाखवणार का, आणि किंख्रियाला किमान अर्धा तास थांबणार का. तिसऱ्याला "वेळ उरला तर" असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.