व्हिक्टोरिया फॉल्सला सुट्ट्या डॉलरच्या नादात ९० डॉलर गेले, जाणाऱ्यांनी वाचा

मागच्या वर्षी आम्ही दोघं आणि आई झिम्बाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्सला गेलो होतो. धबधबा बघून आई नुसती हात जोडून उभी राहिली, १७०० मीटर रुंद पाणी शंभरेक मीटर खाली कोसळतंय आणि तुषारांनी आपण पावसात उभं असल्यासारखे भिजतोय. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पण तिथे बहुतेक व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालतो आणि सुट्टे कुणाकडेच नसतात. पाण्याची बाटली घेतली तरी दुकानदार म्हणतो चेंज नाही, अजून काहीतरी घ्या. माझ्याकडे सगळ्या शंभराच्या नोटा. पार्कमधून गावाकडे चालत येताना एक जण मागे लागला, आधी लाकडी हत्ती दाखवत होता, मग स्वतःच म्हणाला सुट्टे हवेत का, शंभराचे पाच-पाच आणि एक-एकचे देतो. खूप गोड बोलत होता, आईला मामा मामा म्हणत होता (तिकडे आईला मामाच म्हणतात). त्याने माझ्यासमोर मोजले, मीही मोजले, बरोबर शंभर. मी नोट दिली. तेवढ्यात तो म्हणाला थांबा, एक पाच कमी वाटतेय, बंडल परत घेतलं, पुन्हा मोजल्यासारखं केलं, आणि एकदम "पोलीस, पोलीस, लवकर खिशात टाका" म्हणत घडी घातलेलं बंडल माझ्या हातात कोंबलं आणि गेला निघून.

हॉटेलवर उघडलं तर वर एक पाचची, खाली एक पाचची, आणि मधे सगळ्या २००८ च्या झिम्बाब्वे डॉलरच्या नोटा, एकावर एक रचलेल्या दगडांचं चित्र आणि मोजता येणार नाहीत एवढी शून्यं. महागाईने त्या चलनाची पार माती झाली, २०१५ मध्ये सरकारने ते रद्दच केलं, तेव्हा बँक खात्यातल्या ३५ क्वाड्रिलियनला (३५ वर पंधरा शून्यं) १ अमेरिकन डॉलर दिला होता. म्हणजे माझ्या हातात रद्दी. आई रात्री जेवली नाही, तिला वाटत होतं तिच्यामुळे मी थांबलो.

तर जाणाऱ्यांनो, १, ५, १० च्या स्वच्छ नोटा घरूनच घेऊन जा, फाटक्या-मळक्या तिथे बरेच जण घेत नाहीत. रस्त्यावर पैसे बदलणं बेकायदेशीर पण आहे, त्यामुळे पोलीस म्हटलं की आपणच घाबरतो. आणि मोजलेलं बंडल एकदा हातात आलं की कुणी काहीही म्हणू दे, परत द्यायचं नाही.