आवाजाचं इलेक्ट्रिक इंजिन: साधा पॉवर पॅक पुरे की डीसीसी घ्यावं?

मॉडेल ट्रेन सेटबरोबर आलेला पॉवर पॅक (रुळांना वीज देणारी नॉबवाली पेटी) घरात आहे आणि आता आवाजाचं एखादं इलेक्ट्रिक इंजिन घ्यायचं मनात आहे, तर पहिला प्रश्न ठरलेला: याच पॅकवर ते चालेल ना? चालेल. डीसी (पॅकची साधी वीज) आणि डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत) दोन्हीवर चालणारा डिकोडर (इंजिनातली हुकूम नि आवाज सांभाळणारी चिप) असला (हल्ली बहुतेकांत तोच असतो) तर साध्या पॅकवर इंजिन पळतं आणि आवाजही येतो. आवाज नेमका कधी येतो आणि कधी जातो, ते मात्र दुकानात कुणी सांगत नाही.

माझं इंजिन एचओमधलं (म्हणजे खऱ्याच्या 1:87 मापाचं), पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं जीजी-1. न्यू जर्सीतल्या एडिसन-मेट्रोपार्क भागातल्या मराठी मंडळींना ते जवळचं वाटायला हरकत नाही. आपण ज्या लाइनीवरून न्यूयॉर्कला नोकरीला जातो, तिच्यावरच ही खरी इंजिनं ऑक्टोबर 1983 पर्यंत धावत होती. 1934 ते 1943 या काळात एकूण 139 बांधली गेली. लांबोडकं, दोन्ही तोंडांनी सारखं, गडद हिरव्या अंगावर पाच सोनेरी पट्टे.

निवड करताना या इंजिनाच्या आवाजाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. डिझेलचा आवाज वेगाबरोबर चढतो-उतरतो, त्यामुळे गाडी पळवली की पैसे वसूल. खऱ्या जीजी-1 मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि बारा मोटरी गार ठेवणारे ब्लोअर आहेत आणि गाडी उभी असली तरी ते घोंघावतच असतात. (1958 च्या फेब्रुवारीत पिठासारखा बारीक बर्फ या हवेबरोबरच आत शिरला आणि ढीगभर जीजी-1 एकदम बंद पडली होती.) मधेच कॉम्प्रेसर चालू होतो, थांबतो. निघताना तो एकसुरी हॉर्न. थोडक्यात, हे इंजिन ऐकायचं ते फलाटावर उभं असताना.

आणि साधा पॉवर पॅक नेमका तिथेच दगा देतो. डीसीवर रुळांतला व्होल्टेज हाच वेग. नॉब शून्यावर आणला की रुळांत काहीच उरत नाही, मग डिकोडरला जागं कोण ठेवणार? गाडी फलाटाला लागते आणि ब्लोअर कुणी प्लग उपटावा तसा गप्प होतो. पुन्हा नॉब फिरवला की साधारण पाच-सहा व्होल्टला डिकोडर जागा होतो, सुरुवातीचा आवाज पहिल्यापासून वाजवतो आणि सात-आठ व्होल्टच्या पुढे चाकं हलतात. प्रत्येक स्टेशनवर हाच प्रकार.

यावर तोडगा नाही असं नाही. नॉब शून्यावर न नेता या दोन आकड्यांच्या मधे ठेवायचा, म्हणजे गाडी थांबते आणि आवाज चालू राहतो. पण ती फट केवढीशी! माझ्या पॅकवर जेमतेम बोटाच्या नखाएवढी. मी तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. थंड पॅकवर रेघ बरोबर असायची, पॅक तापला की तिथेच गाडी सरपटायला लागायची, मागे दिव्यांचे डबे जोडले की व्होल्टेज पडून आवाज जायचा. हातात नॉब, डोळे रेघेवर आणि गाडीकडे लक्षच नाही, अशी गत. मला तरी सगळ्यात जास्त याच गोष्टीनं वैताग दिला.

बाकीच्या तक्रारी त्यामानानं किरकोळ म्हणायच्या. पहिले सात-आठ व्होल्ट चाकं हलण्यातच गेल्यामुळे बारा व्होल्टच्या पॅकवर गाडी सावकाशच पळते. शंभर मैलांच्या वेगाचं इंजिन मालगाडीसारखं जातं, पण छोट्या लेआउटवर त्याचं वाईट वाटत नाही. हॉर्न काही डिकोडरमध्ये दिशेचा स्विच झटकन उलटसुलट केला की वाजतो, काहींत डीसीवर वाजतच नाही. डीसीवर हॉर्न-बेल वाजवून देणारे वेगळे कंट्रोलरही मिळतात, पण शून्यावर नॉब आला की शांतता तिथेही आहेच. पॅक जुना असेल तर एकदा मल्टिमीटर लावून बघा. काही जुने पॅक लोड नसताना अठराच्या वर जातात, ते डिकोडरच्या जिवावर बेतू शकतं. ‘पल्स’चा (वीज तुकड्या-तुकड्यानं सोडणारा) स्विच असेल तर तो बंदच ठेवा. डिकोडर त्यानं बावचळतो.

डीसीसीत रुळांवर सतत चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास वीज असते आणि वेगाचा हुकूम त्याच विजेतून डिकोडरला जातो. त्यामुळे गाडी थांबते, ब्लोअर थांबत नाही. डब्यांतले दिवेही मंद होत नाहीत. पेटीतून काढलेल्या इंजिनाचा पत्ता बहुधा 3 असतो. तीनचा आकडा दाबायचा, बटण दाबून ब्लोअर चालू करायचा आणि चहा घेऊन यायचं, आल्यावर गाडी न्यायची. आवाज कमी-जास्त करायचा तर तेही जमतं. साध्या पॅकवर बऱ्याच डिकोडरचा आवाज हवा तसा लावता येत नाही आणि रात्री अकरानंतर घरातल्यांचं मत हाच एक मुद्दा होऊन बसतो.

डीसीसीच्या बाजूनं सगळंच गोड आहे असंही नाही. बरा सेट दीडशे ते अडीचशे डॉलरच्या घरात जातो. अगदी स्वस्तातल्या सेटवर फंक्शनची (हॉर्न, दिवे, आवाज यांची) बटणं मोजकी, शिवाय डिकोडरची सेटिंग बदलायची सोय नसते, म्हणजे आवाज कमी करायचा मुद्दा परत होता तिथेच. पँटोग्राफ वर-खाली होण्याचा आवाज वरच्या नंबरच्या बटणावर असला तर तोही गेलाच. शिवाय घरातली जुनी, डिकोडर नसलेली इंजिनं डीसीसीच्या रुळांवर उभी केली तर गुणगुणतात आणि मोटर तापते. ती तशी ठेवू नयेत. अशी इंजिनं बरीच असतील आणि आवाजाचं एकच, तर खर्चाआधी जरा विचार करा. (तसं डीसीवरही त्यांची जोडी जमत नाही म्हणा. साधं इंजिन तीन व्होल्टला निघून जातं, आवाजाचं बसून राहतं.)

एक गोष्ट पॅकच्या बाजूनं प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोल नॉब हातात धरून गाडी चालवण्यात जी मजा आहे ती बटणं दाबण्यात नाही. लहान मुलं असतील तर त्यांनाही नॉबच कळतो. सुदैवानं नॉब किंवा चाक असलेले डीसीसी कंट्रोलर मिळतात. मी बघून तोच घेतला.

तेव्हा इंजिन डिझेलचं किंवा वाफेचं असेल, गोल रुळावर पळवत बसायची आवड असेल, तर पॅकवर वर्षभर काढायला हरकत नाही. इलेक्ट्रिक असेल आणि तुम्ही स्टेशन, फलाट, वेळापत्रक असलं काही मांडणार असाल, तर माझ्या मते इंजिनाच्या बजेटमध्येच डीसीसी धरा. प्रसंगी डबे दोन कमी घ्या. हे सामान पुण्या-मुंबईला जाणार असेल तर अडॅप्टरमागचं लेबल वाचा: 100 ते 240 असं लिहिलेलं असेल तर ठीक, नुसतं 120 असेल तर तिथल्या 230 वर लावू नका.

जुना पॅक टाकून देऊ नका. त्याच्या मागच्या एसी टर्मिनलवर फलाटाचे दिवे आणि सांधे बदलणाऱ्या मोटरी छान चालतात. फक्त त्याच्या डीसीच्या तारा रुळांवरून आधी सोडवा. डीसीसी आणि पॅक एकाच रुळांवर एकदम जोडले तर नवा सेट पहिल्याच दिवशी जळू शकतो.