सेंट व्हिन्सेंटची गिटार, आठ महिने वाजवून झाल्यावर

आठ महिने झाले ही गिटार घेऊन, रोज तासभर तरी वाजवते, मधे तीन गिग (स्टेजवरचे कार्यक्रम) पण झाले तिच्यावर, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

तर माझ्याकडे आहे ते स्टर्लिंग बाय म्युझिक मॅनचं एसटीव्ही६० मॉडेल. अर्नी बॉल म्युझिक मॅनने २०१६ मध्ये अ‍ॅनी क्लार्कबरोबर बसून, म्हणजे सेंट व्हिन्सेंट या नावाने गाणाऱ्या अमेरिकन गायिका-गिटारवादक बाईबरोबर, एक इलेक्ट्रिक गिटार काढली, तिची ही स्वस्तातली धाकटी बहीण. मोठी आपल्या खिशाला झेपणारी नाही.

याआधी माझ्याकडे लेस पॉलच्या (गिब्सन कंपनीचं जुनं, जड मॉडेल) धाटणीची गिटार होती. चार किलोच्या वर वजन. मी काही उंच वगैरे नाही, खांदा पण बारीक, आणि तासभर उभं राहून प्रॅक्टिस केली की डावा खांदा रात्री झोपू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते, गिटारची वरची कडा छातीत रुतते. क्लासमधल्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले पट्टा खाली कर, केला खाली, तर मनगट वाकडं व्हायला लागलं. सहा वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय, बसण्यात उभं राहण्यात. गिटारच माझ्या अंगाचा विचार करून बनवलेली नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

अ‍ॅनी क्लार्कने हेच जाहीर बोलून दाखवलं होतं. साठच्या दशकातली फेंडर कंपनीची स्ट्रॅट किंवा सत्तरच्या दशकातली लेस पॉल आपल्याला पेलत नाही, त्या घेऊन टूर करायची तर हाडं बसवणारा डॉक्टर सोबत न्यावा लागेल, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. आणि तिने नुसती तक्रार केली नाही, कंपनीबरोबर बसून आकार ठरवला. बॉडी महोगनीची पण अरुंद, कंबरेत चिंचोळी, कोन सगळे तिरपे. उभं राहून वाजवताना अंगाला लागून बसते, रुतत नाही. मी पहिल्यांदा गळ्यात अडकवली आणि दोन मिनिटं काही वाजवलंच नाही, नुसती उभी राहिले. डोळ्यात पाणी आलं होतं खरं सांगायचं तर.

आवाजाबद्दल. तीन मिनी हमबकर (तारांचा आवाज पकडणारे पिकअप) आहेत आणि पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्युम एक टोन, बास. नेकच्या, म्हणजे मानेच्या बाजूचा पिकअप गोल आणि उबदार, ब्रिजचा, म्हणजे तारा अडकतात त्या बाजूचा, धारदार पण कानाला टोचत नाही. फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) लावला की ही गिटार खरी खुलते, एकेक सूर सुटा ऐकू येतो, चिखल होत नाही. स्वच्छ जॅझ टाईप आवाज पण बरा निघतो. मधला पिकअप मात्र मला नडतो, जोरात स्ट्रमिंग करताना पिक त्याच्यावर आपटतं, शेवटी मी तो स्क्रूने जरा खाली घेतला. ट्रेमोलो (सूर हलवायचा दांडा) जास्त हलवला तर ट्युनिंग हलतं. बसून वाजवायला सवय लागते, मांडीवर नेहमीसारखी टेकत नाही, मला तीनेक आठवडे लागले. आणि नेहमीच्या हार्ड केसमध्ये ती बसत नाही, त्याचा वेगळा शोध घ्यावा लागतो, हे घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता जरा विषयांतर होईल पण याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. मी एका दुकानात (नाव घेत नाही) गिटार बघायला गेले होते तर तिथल्या माणसाने विचारलं भावासाठी बघताय का, आणि मी नाही म्हटल्यावर त्याने मला फुलांचं डिझाईन असलेली गुलाबी गिटार आणून दाखवली. बायकांसाठी गिटार म्हणजे रंग बदलायचा, आकार तोच. फेंडरने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार शिकणाऱ्यांत निम्म्या बायका निघाल्या, म्हणजे गिऱ्हाईक तर आहे, त्यांच्या अंगाकडे बघायलाच इतकी वर्षं लागली. तेही एका वाजवणाऱ्या बाईने सांगितल्यावर.

अ‍ॅनी क्लार्कची यावरची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या गिटार वर्ल्ड मासिकात गिटारच्या खरेदीची माहिती द्यायला वर्षानुवर्षं बिकिनीतल्या मॉडेल छापायचे, गिटार हातात पण वाजवायचा संबंध नाही. २०१७ च्या सुरुवातीच्या अंकाच्या कव्हरवर ती आली ती ढगळ टी-शर्ट घालून, आणि त्या टी-शर्टवर बिकिनीतलं शरीर छापलेलं. एका कपड्यात सगळं बोलून झालं. त्याच वर्षी तिचा अल्बम आला तेव्हा तिने गिटारवादक आणि लेखिका कॅरी ब्राऊनस्टीनने लिहिलेले छोटे व्हिडिओ केले, पत्रकारांच्या ठराविक प्रश्नांना आधीच उत्तरं देऊन टाकणारे, त्यात संगीतात बाई म्हणून असणं कसं वाटतं हा पण प्रश्न होता. तो प्रश्न मला पण प्रत्येक गिगनंतर कोणीतरी विचारतंच, आणि मला पेडलबोर्डबद्दल (आवाज बदलणाऱ्या पेडलांची फळी) बोलायचं असतं.

अजून एक. तिला लोक खोटी म्हणतात, दर अल्बमला नवं रूप, कधी पांढरे केस कधी सोनेरी विग, खरेपणा नाही म्हणे. मला हे पटत नाही. याच धंद्यात कारखान्यात मुद्दाम ओरखडे पाडलेल्या, रंग उडवलेल्या गिटारी जास्त पैसे लावून विकतात, १९९० च्या दशकापासून, आणि त्याला कोणी खोटं म्हणत नाही, त्याला म्हणतात कॅरेक्टर. पुरुषाने जुनी जीन्स घातली तर तो खरा कलाकार, बाईने विग घातला की ढोंग? २०२४ चा अल्बम तिने स्वतः प्रोड्यूस केलाय, खरेपणा तिथे बघा ना, कुठला आवाज ठेवायचा कुठला काढायचा हे ठरवणारा हात कोणाचा आहे तिथे.

आणि ही बायकांची गिटार आहे असं समजून कोणी सोडून देऊ नका. रॉक गिटारवादक जॅक व्हाइटने २०१८ च्या टूरमध्ये हीच, मोठी आवृत्ती, वाजवली. अंगाला सोयीची गोष्ट सगळ्यांनाच सोयीची असते.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी करा. आधी उभं राहून निदान वीस मिनिटं वाजवून बघा, बसून बघून ठरवू नका. आणि घेतल्यावर नीट सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्या, माझ्या गिटारची अ‍ॅक्शन (तारांची मानेपासूनची उंची) आली तेव्हा बरीच वर होती, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या पट्टीच्या) पुढे बोटं दुखायची, सेटअपनंतर लोण्यासारखी झालीये. खांदा आता दुखत नाही. मागच्या गिगला सलग दीड तास उभी होते, घरी येऊन परत अर्धा तास वाजवली.